पाण्यातील प्राणवायू आणि मोजण्याची वेळ

(संस्थेच्या महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टच्या शिक्षण समितीने काही दिवसांपूर्वी आम्हांस एक प्रश्न लेखी विचारला होता. शाळेतील मुलांसाठी पाण्यातला प्राणवायू मोजण्याचे यंत्र घेऊन द्यावे काय, आणि दिल्यास त्याचा खरोखर उपयोग होईल काय? समितीला उत्तर दोन ओळींत हवे होते. ते आम्हांला दोन ओळींत बसविता आले नाही. म्हणून चिटणीसांनी आज हे व्यासपीठ आणि पाऊण तास आमच्या स्वाधीन केला आहे. मास्तराच्या हाती पाऊण तास देणे म्हणजे एक पुरता तास देणेच होय, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे.

उत्तर प्रथम सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सोय होईल. यंत्र जरूर द्यावे. पण त्याच्या आधी दोन चांगले थर्मामीटर, एक डझन बाटल्या, थोडी रसायने आणि एक जाड वही द्यावी. यंत्र आकडा दाखविते. तो आकडा कोणत्या वेळचा, किती उष्ण पाण्याचा, किती खोलीवरचा, हे वहीत लिहिले नाही, तर त्याची किंमत ऐकीव बातमीहून जास्त नाही. आणि बडोद्यात या आकड्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. सूरसागरात मासे मरून पाण्यावर तरंगू लागल्याच्या बातम्या आपणांस नव्या नाहीत. विश्वामित्रीचे पाणी बिघडले म्हणणारे आणि सुधारत आहे म्हणणारे, दोघेही आकडेच पुढे करतात. आकडा खोटा नसतो, पण अर्धा असू शकतो.

आता 'पाण्यातील प्राणवायू' म्हणजे काय, हे आधी स्वच्छ करू. पाणी हे हायड्रोजन आणि प्राणवायू यांचे बनलेले आहे, असे आपण सारे शाळेत शिकलो. त्यामुळे पाण्यात प्राणवायू कमी पडेल कसा, असे पुष्कळांस वाटते. पण तो प्राणवायू पाण्याच्या अणुरेणूंत बांधलेला असतो. मासा काही तो सोडवून घेऊ शकत नाही. माशाला लागतो तो हवेतून पाण्यात विरघळलेला, मोकळा प्राणवायू. साखर चहात विरघळते तसा वायूही पाण्यात विरघळतो. फरक इतकाच की साखर गरम चहात जास्त विरघळते आणि वायू गरम पाण्यात कमी. हा फरक मुलांनो, लक्षात ठेवा. पुढचे निम्मे व्याख्यान त्यातच आहे.

हे प्रमाण किती अल्प असते ते पाहा. आपल्या भोवतालच्या एक लिटर हवेत प्राणवायू सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम असतो. त्याच हवेखाली उघड्या ठेवलेल्या एक लिटर स्वच्छ पाण्यात, २५ अंश सेल्सिअस तपमानाला, तो जेमतेम सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो. म्हणजे मासा जन्मभर आपल्या मानाने तिसाव्या हिश्शावर संसार करतो. असल्या संसारात दोन-तीन मिलिग्रॅमची तूट म्हणजे दिवाळेच.

येथे एका माउलीने आम्हांला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवतो. नळाच्या पाण्यात हा प्राणवायू कमी असला तर मुलांना बाधेल काय? मुळीच नाही. आपण फुप्फुसाने श्वास घेतो, पोटाने नव्हे. उकळून गार केलेल्या पाण्यातला प्राणवायू बहुतेक उडून गेलेला असतो, तरी तेच पाणी आजाऱ्याला देतात. हा आकडा नदीच्या आणि तळ्याच्या प्रकृतीचा आहे. पिणाऱ्याच्या पोषणाचा नव्हे.

तो मोजण्याची जुनी आणि अजूनही विश्वासाची रीत इ. स. १८८८ मध्ये बुडापेस्ट येथील लायोश विंक्लर या पंचविशीतल्या रसायनशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केली. काचेचे घट्ट बूच असलेली ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याने काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. तीत मँगनीज सल्फेट आणि पोटॅशियम आयोडाइडचे क्षारयुक्त द्रावण सोडले की साका धरतो. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी, नसेल तर पांढरा. या क्षणी प्राणवायू जणू पकडला गेला. मग गंधकाम्ल घातले की साका विरघळून त्या प्रमाणात आयोडीन मोकळे होते. त्यावर थायोसल्फेटचे द्रावण थेंबथेंब सोडून, शेवटी स्टार्चचा निळा रंग नाहीसा होईतो मोजायचे. द्रावण ठरावीक शक्तीचे घेतले आणि बाटलीतले २०० मिलिलिटर मूळ पाणी तपासले, तर जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागेल तितकेच मिलिग्रॅम प्राणवायू दर लिटरला. इतका सरळ हिशेब आठवीच्या मुलालाही जमतो. आम्ल मात्र आम्ही स्वतः घालतो, मुलांच्या हाती देत नाही.

या रीतीतले सगळ्यांत मोलाचे पाऊल कोणते, असे विचाराल तर आम्ही साका धरण्याचे म्हणू, आणि ते नदीकाठीच झाले पाहिजे. पुष्कळ जण बाटली भरतात, पिशवीत ठेवतात, स्कूटरवरून घरी आणतात आणि चहापाणी झाल्यावर रसायने घालतात. बाटलीतले पाणी मेलेले नसते. त्यात असंख्य सूक्ष्म जीव आहेत, ते वाटेतही श्वास घेतच असतात. नाल्याचे पाणी असेल तर तासाभरात बराच प्राणवायू खाऊन टाकतील. बाटली उन्हात राहिली आणि पाण्यात हिरवे शेवाळ असले, तर उलट प्राणवायू वाढेल. म्हणजे आपण मोजतो ते विश्वामित्रीचे पाणी नव्हे, स्कूटरच्या डिकीतले पाणी!

आता उष्णतेकडे वळू. हवेच्या संपर्कात पुरते तृप्त झालेल्या गोड्या पाण्यात दर लिटरला प्राणवायू किती मावतो? शून्य अंशाला १४.६ मिलिग्रॅम, १५ अंशाला सुमारे १०.१, २० अंशाला ९.१, ३० अंशाला साडेसात, आणि ३५ अंशाला जेमतेम ७. आपल्या बडोद्यात मे महिन्यात हवेचा पारा चाळिशी ओलांडतो आणि उथळ तळ्याचे पाणी दुपारी हाताला कोमट लागते. जानेवारीच्या पहाटे तेच पाणी बोटे गारठविते. समजा, दोन्ही वेळा आपल्याला ७ मिलिग्रॅम हाच आकडा मिळाला. जानेवारीत पाणी १५ अंशांवर असेल तर तो तृप्तीच्या शेकडा ७० भरतो. म्हणजे पाण्याला काहीतरी रोग आहे, कोणीतरी त्यातला प्राणवायू खात आहे. मे महिन्यात पाणी ३५ अंशांवर असेल तर तोच आकडा शेकडा १०० भरतो. पाण्याला याहून जास्त घेताच येत नाही. आकडा एकच, पण एक पाणी रोगी आणि एक निरोगी. म्हणून आम्ही यंत्राच्या आधी थर्मामीटर मागितला.

उष्णतेचा अन्याय येथेच संपत नाही. पाणी तापले की त्यातला साठा कमी होतो, आणि नेमकी त्याच वेळी मागणी वाढते. माशांचा श्वास जलद होतो, सडके पदार्थ खाणारे जंतू अधिक जोराने कामाला लागतात. साधारणपणे दहा अंश उष्णता वाढली की जीवमात्रांचा हा खर्च दुपटीच्या घरात जातो. उत्पन्न घटले आणि घरात पाहुणे वाढले, अशी ती अवस्था आहे.

यानंतर दिवसाची वेळ. हा आमच्या व्याख्यानाचा गाभा आहे आणि येथे सूरसागराकडे यावे लागते. जुन्या मंडळींना ठाऊक आहे की या तळ्याचे मूळ नाव चंदन तलाव. चोहोबाजूंनी दगडी बांधणी, मध्ये शिवाची उंच मूर्ती, भोवती भर वस्ती आणि रहदारी. अशा बंदिस्त, खत मिळालेल्या पाण्यात सूक्ष्म शेवाळ माजते आणि पाणी हिरवट दिसू लागते. हे शेवाळ म्हणजे झाडेच. फक्त डोळ्यांना न दिसणारी. उन्हात ती प्राणवायू सोडतात, आणि इतका सोडतात की दुपारी दोन-तीन वाजता हिरव्या तळ्याच्या पृष्ठभागावर १२ ते १४ मिलिग्रॅम आकडाही मिळू शकतो. पाणी तृप्तीच्याही वर जाते, जणू सोड्याची बाटली. सूर्य मावळला की दुकान बंद. आता तेच शेवाळ, मासे, जंतू आणि तळाचा गाळ, सगळे मिळून रात्रभर नुसते खातात, भर कोणी घालीत नाही. वाऱ्यामुळे थोडे पाणी ढवळले जाते आणि हवेतून थोडे आत येते, पण निवांत रात्री तेही नाही. त्यामुळे नीचांक येतो तो सूर्योदयाच्या जरा आधी, अजानाच्या किंवा काकड आरतीच्या सुमारास. दुपारी १३ दाखविणारे तळे त्या वेळी २ च्याही खाली गेलेले असू शकते.

मासे मरतात ते त्या वेळी. पहाटे फिरायला जाणारे प्रथम पाहतात की मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करीत आहेत. पृष्ठभागाला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात हवेतला थोडा प्राणवायू शिरतो, तो ते ओढीत असतात. सकाळी आठ वाजता काही मासे पालथे झालेले दिसतात. बातमी जाते, तक्रार होते, आणि पाण्याचा नमुना घेणारी माणसे अकरा-बाराच्या सुमारास येतात. हा त्यांचा दोष नव्हे. त्यांची कचेरी तेव्हा उघडते. पण तोपर्यंत सूर्य चार-पाच तास तापलेला असतो आणि शेवाळाने पुन्हा दुकान मांडलेले असते. आकडा येतो ६ किंवा ७. मग एक पक्ष म्हणतो, पाणी उत्तम आहे, मासे दुसऱ्याच कशाने मेले. दुसरा पक्ष म्हणतो, आकडे दडपले. वास्तविक कोणी खोटे बोलत नसते. खुनाच्या जागी पोलीस पोहोचले तेव्हा खुनी निघून गेला होता, इतकेच.

आणि याची दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. मासे मेले की त्यामागे प्राणवायूच असेल असे नाही. विष, रोग, अमोनिया ही कारणेही असतात. पहाटेची नोंद असल्याशिवाय यांतले काहीच सिद्ध होत नाही, खोडूनही काढता येत नाही. विशेषतः पावसाळ्याच्या तोंडाशी चार दिवस आभाळ भरून राहिले, ऊन पडले नाही, तर शेवाळाची दिवसाची कमाईही बुडते आणि रात्रीचा खर्च चालूच राहतो. त्यात पहिला मोठा पाऊस आला की रस्त्यांवरची, गटारांतली साचलेली घाण एकदम पाण्यात येते. शिवाय पावसाचे थंड, जड पाणी खाली बसते आणि तळाचे प्राणवायूवाचून कुजलेले पाणी वर येते. लोक म्हणतात, पाऊस पडला आणि तरी मासे मेले! 'तरी' नव्हे, पुष्कळदा 'म्हणूनच'.

हे सारे मुलांना पुस्तकातून शिकविले तर ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. म्हणून आम्ही शाळेच्या अंगणात दोन बादल्या ठेवविल्या. दोन्हींत एकाच टाकीचे पाणी, दोन्हींत अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून आणलेली हायड्रिला ही पाणवनस्पती. एक बादली उन्हात, दुसरीवर गोणपाट. दुपारच्या सुट्टीत उन्हातल्या बादलीतल्या पानांवर चांदीच्या मण्यांसारखे बुडबुडे बसलेले मुलांनी पाहिले. गोणपाटाखाली एकही नव्हता. बाटल्या भरून रसायने घातली तेव्हा एका बाटलीत दाट तपकिरी साका आणि दुसरीत फिका, हे मागच्या बाकावरच्यांनाही लांबून कळले. सातवीतील एका मुलीने विचारले, "सर, मग या पाण्याचा खरा आकडा कोणता?" आम्ही तिला म्हणालो, "दोन्ही खरे. आता दोन्हींपुढे वेळ लिही." शिक्षकाच्या धंद्यात असा प्रश्न वर्षातून एकदा आला तरी पगार वसूल झाला असे समजावे.

नदीची गोष्ट तळ्याहून निराळी. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, शहरातून वळणे घेत जाते, पुढे ढाढरला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखाताला जाते. तिचीच एक उपनदी सूर्या. तिच्यावर मातीचा बांध घालून श्रीमंत सयाजीराव महाराजांनी आजव्याचा सयाजी सरोवर उभा केला आणि इ. स. १८९२ पासून शहराला नळाचे पाणी मिळू लागले. वाहते पाणी दगडांवरून, बंधाऱ्यावरून पडते तेथे हवा भरपूर मिसळते, आणि तेथे भरलेली बाटली नदीची खोटी स्तुती करते. उलट नाल्याच्या तोंडाशी भरलेली बाटली सगळ्या नदीची निंदा करते. उन्हाळ्यात प्रवाह मंद झाला की नदी तळ्यासारखी वागू लागते. पृष्ठभागाशी एक आकडा, दोन मीटर खाली दुसराच, आणि गाळाला लागून जवळजवळ काहीच नाही. तेव्हा जागा कोणती आणि खोली किती, हेही वहीत आलेच.

बाटली भरण्याच्या बाबतीत बडोद्याला एक खास अडचण आहे, ती म्हणजे मगरी. इतर गावची मुले पाण्यात उतरून नमुना घेतात. आपल्याकडे विश्वामित्रीच्या काठी कोणी पाऊल टाकू नये, हे आम्ही येथे सर्व पालकांच्या समक्ष सांगतो. शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या नदीत शेकडो मगरी राहतात. नमुना पुलावरूनच घ्यायचा. पण पुलावरून बादली सोडून वर ओढली आणि तीतले पाणी बाटलीत ओतले, तर ओतताना हवा मिसळते आणि रोगी नदी सुदृढ ठरते. यावर जुनी युक्ती आहे. जड डब्यात बाटली बसवायची, डब्याच्या झाकणातून एक नळी बाटलीच्या तळापर्यंत न्यायची आणि दुसरी डब्यातून हवा बाहेर जाण्यासाठी ठेवायची. दोरीने डबा खाली सोडला की पाणी बाटलीच्या तळाशी शिरते, काठावरून वाहून डब्यात सांडते, आणि बाटलीतले पहिले, हवा लागलेले पाणी दोन-तीनदा बदलले जाते. असा डबा पत्र्याचे काम करणारा कारागीर सहज करून देईल.

मगरींवरून आठवले. पुष्कळ सुशिक्षित माणसेही म्हणतात की, नदीत एवढ्या मगरी सुखाने राहतात, मग पाणी वाईट कसे? मगर नाक वर काढून आपल्यासारखाच हवेतला श्वास घेते. पाण्यातल्या प्राणवायूशी तिला कर्तव्य नाही. मरळ आणि मांगूर हे मासेसुद्धा हवा गिळून तग धरतात. साक्ष काढायची तर रोहू-कटल्यासारख्या, केवळ कल्ल्यांवर जगणाऱ्या माशांची काढावी.

हवेचा दाब आणि मीठ यांचे थोडक्यात सांगतो, कारण आपल्या गावी त्यांचे फारसे चालत नाही. दाब कमी झाला की पाण्यात प्राणवायू कमी मावतो. बडोदे समुद्रसपाटीपासून अवघे ४० मीटरच्या आसपास असल्याने येथे ती सूट नगण्य. पण सहलीला पावागडावर जाऊन तेथल्या तळ्याचे पाणी तपासले, तर सुमारे ८०० मीटर उंचीवर तृप्तीचाच आकडा शेकडा ९ ने खाली येईल, आणि महाबळेश्वरी याहूनही अधिक. खारे पाणीही प्राणवायू कमी घेते. समुद्राच्या पाण्यात गोड्याच्या मानाने जवळजवळ पाचवा हिस्सा कमी. ज्यांना आखाताच्या मुखाशी मोजायचे आहे त्यांनी हे विसरू नये.

आता यंत्र. इ. स. १९५६ मध्ये अमेरिकेतील लेलँड क्लार्क यांनी, मूळ रक्तातला प्राणवायू मोजण्यासाठी, पातळ प्लॅस्टिकच्या पडद्याआड विजेची अग्रे ठेवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. तीच पुढे पाण्यालाही लागू झाली. प्राणवायू पडद्यातून आत झिरपतो आणि त्या मानाने वीज वाहते. सोय मोठी: रसायने नकोत, आकडा मिनिटभरात. पण या यंत्राचे तीन स्वभाव ओळखून असावे. एक, ते स्वतः प्राणवायू खाते. स्थिर पाण्यात धरून ठेवले तर टोकाजवळचे पाणी रिते होऊन आकडा घसरत जातो, म्हणून ते हलकेच हलवीत राहावे लागते. दोन, पडद्याची झिरप उष्णतेने बदलते, एका अंशामागे शेकडा ३-४; आत थर्मामीटर असतो आणि यंत्र हिशेब करते, पण उन्हात तापलेले यंत्र गार पाण्यात बुडवून लगेच वाचले तर हिशेब चुकतो. तीन, नाल्याच्या पाण्यातला कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू त्याची अग्रे बिघडवितो. अलीकडे प्रकाशावर चालणारी यंत्रे आली आहेत. निळ्या प्रकाशाने एक रंगद्रव्य चमकते आणि प्राणवायूमुळे ती चमक मंदावते. ही प्राणवायू खात नाहीत, देखभाल कमी मागतात, आणि समितीने शेवटी यांतलेच एखादे घ्यावे असे आमचे मत आहे. तथापि दाब आणि मीठ यांची माहिती त्यांनाही द्यावी लागते, आणि दिवसाची वेळ कोणतेही यंत्र सुधारून देत नाही.

विंक्लरची रीत तरी निर्दोष आहे काय? नाही. सांडपाण्यात नायट्राइट असले तर ते आयोडीन वाढवून खोटा चढा आकडा देते. त्यासाठी द्रावणात अ‍ॅझाइड मिसळतात. आम्ही दोन्ही रीतींचा आग्रह धरतो तो याचसाठी, की मुलांनी एकाची दुसऱ्याकडून तपासणी करावी.

कायद्याचे आकडेही याच प्राणवायूवर उभे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत नदीत स्नान करण्यासाठी लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा अधिक, आणि मासे व वन्यजीव यांसाठी ४ किंवा अधिक प्राणवायू हवा. त्या ५ आणि ४ पुढे वेळ लिहिलेली नाही, हे आम्हांला खटकते. शिवाय बी. ओ. डी. म्हणून एक माप आहे: पाणी बंद बाटलीत अंधारात ठेवून त्यातली घाण किती प्राणवायू खाते ते पाहायचे. इंग्लंडात सांडपाण्यावरील राजकीय आयोगाने इ. स. १९१२ च्या अहवालात यासाठी पाच दिवस आणि ६५ अंश फॅरनहाइट ठरविले. तिकडच्या नद्यांचे पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळते, असा हिशेब त्यामागे होता असे सांगतात. पुढे ते पाच दिवस आणि २० अंश जगभर गेले. आपल्या देशात २० अंशांची खोली ठेवायची म्हणजे यंत्राने थंड करावी लागणार. म्हणून भारतीय मानकात २७ अंश आणि तीन दिवस असा बदल झाला. ही गोष्ट आम्हांला फार आवडते. माप हे हवामान पाहून बेतावे लागते, हे त्यात मान्य झाले आहे. केंद्रीय मंडळाने इ. स. २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली ती याच मापावर, आणि तीत विश्वामित्रीचे नाव होते.

यावर आज आपल्या गावात काय पणाला लागले आहे? ऑगस्ट २०२४ चा पूर आपण सर्वांनी पाहिला. येथे बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरांत पाणी होते. त्यानंतर २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी महापालिकेने नदीचा गाळ काढून पात्र मोकळे करण्याचे काम हाती घेतले. पुराच्या दृष्टीने त्याचा हिशेब इंजिनिअर मंडळी करतील. पण पाण्याच्या प्रकृतीला त्याने गुण आला की अपाय झाला, हे कसे ठरवायचे? गाळ ढवळला की तो काही काळ प्राणवायू झपाट्याने खातो. काठची सावली गेली की पाणी अधिक तापते. खोली आणि प्रवाह बदलला की पुन्हा सगळे बदलते. कामाआधीचा आकडा जानेवारीच्या दुपारचा आणि नंतरचा मे महिन्याच्या सकाळचा, असे जोडून कोणी काही सिद्ध करू लागला, मग तो कामाच्या बाजूचा असो वा विरुद्ध, तर आमच्या सातवीतल्या मुलांनी उभे राहून त्याला पाण्याचे तपमान विचारावे, एवढी आमची इच्छा आहे.

म्हणून आमची मागणी अशी. सूरसागरावर एक जागा आणि नदीवर एक पूल, अशी दोनच ठिकाणे. महिन्यातून एक दिवस, त्या दिवशी दोन वेळा, सूर्योदयापूर्वी अर्धा तास आणि दुपारी अडीच वाजता. वहीत रकाने: तारीख, वेळ, जागा, खोली, पाण्याचे तपमान, आभाळ, वारा, आदल्या दोन दिवसांतला पाऊस, पाण्याचा रंग आणि वास, आणि सर्वांत शेवटी प्राणवायू. थर्मामीटर, बाटल्या, डबा आणि रसायने यांचा खर्च फार नाही. यादी आम्ही खजिनदारांकडे दिली आहे. एक पुरते वर्ष वही भरली गेली तरच यंत्र घ्यावे. मध्येच बंद पडली तर ते पैसे शिष्यवृत्तीकडे वळवावेत. वही ट्रस्टच्या वाचनालयात राहील आणि ज्याला हवी त्याने पाहावी, तक्रार करणाऱ्यानेही आणि तक्रारीला उत्तर देणाऱ्यानेही.

पैशांहून कठीण मागणी निराळीच आहे. पहाटे अंधारात मुलांना घेऊन पुलावर उभे राहायचे तर आमच्याखेरीज दोन मोठी माणसे हवीत, एक विजेरी धरायला आणि एक रहदारीकडे पाहायला. पहिली फेरी येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसांकडे नावे द्यावीत आणि गरम कपडे घालून यावे. पुलावर वारा असतो.